जलपर्णीची वकिली

बरीच वर्षं मी जलपर्णीची वकिली केली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हौसेनं केली. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, महाळुंगे पडवळला येऊन घरची शेती बघू लागलो. पंचक्रोशीत कुठं पर्यावरण दिन असला, कुठं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर लागलं, की दोन शब्द बोलायला मला बोलवायचे. गाव हुतात्मा बाबू गेनूंचं, वरच्या डिंभे धरणाच्या जलाशयालाही नाव त्यांचंच, त्यामुळं भाषणाची सुरुवात शोधावी लागायची नाही. हुतात्म्याला वंदन, मग धरण, मग घोड नदी, आणि नदीवर आलो की जलपर्णी.

उन्हाळ्यात बंधाऱ्यांना ढापे टाकून पाणी अडवलं की हळूहळू पात्र हिरवं व्हायला लागतं. मोटारीच्या फुटव्हॉल्व्हमध्ये मुळं अडकतात, डास होतात, पाण्याला वास सुटतो. लोक वैतागतात, ग्रामपंचायतीकडं अर्ज जातात. अशा वैतागलेल्या मंडळींपुढं उभं राहून मी सांगायचो, की बाबांनो, ही घाण करत नाही, घाण खाते. तुम्ही नदीत सोडता ते सांडपाणी हिचं जेवण आहे. तुम्ही वाढायचं बंद करा, ती आपोआप उपाशी मरेल. इथवर सगळं ठीक होतं, आजही मी हेच म्हणेन. पण मला टाळ्या मिळायच्या त्या पुढच्या वाक्याला. ‘हिची मुळं पाण्यातला पारासुद्धा ओढून घेतात, आणि हे मी नाही म्हणत, अमेरिकेची नासा म्हणते.’ नासाचं नाव घेतलं की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवायची.

नासाचं ते काम खोटं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. १९७५ साली मिसिसिपी राज्यातल्या नासाच्या प्रयोगशाळेत बिल वुल्व्हर्टन आणि रिबेका मॅकडोनाल्ड यांनी जलपर्णी आणि तिच्यासारखीच पाण्यावर माजणारी दुसरी एक वनस्पती घेऊन शिसं आणि पारा पाण्यातून किती निघतो ते मोजलं. जलपर्णीनं एका ग्रॅम सुक्या वजनामागं दिवसाला साधारण ०.१५ मिलिग्रॅम पारा खेचला. आपल्याकडच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. मी फळ्यावर भागाकार करून दाखवायचो, की चिमूटभर वनस्पती आणि दीडशे लिटर पाणी! हिशेब फळ्यावर शोभून दिसायचा. प्रयोगातल्या पाण्यात पारा मुद्दाम मिसळलेला असतो, नदीच्या पातळ पाण्यातून वनस्पती त्या वेगानं तो खेचत नाही, हे मला कळत होतं. पण सभेत तेवढं बारीक कोण सांगतं?

मत बदलायला सुरुवात झाली ती मात्र या हिशेबावरून नाही. माझ्याच भाषणाचं टिपण एकदा वर्तमानपत्रासाठी नीट लिहून काढायला बसलो. लिहिताना दोन वाक्यं एकाखाली एक आली. पहिलं, ‘जलपर्णी पारा, शिसं, कॅडमियम यांसारखे विषारी धातू शोषून घेते.’ दुसरं, ‘काढलेल्या जलपर्णीपासून उत्तम गांडूळखत होतं, शेतकऱ्यांनी त्याचा लाभ घ्यावा.’ बोलताना या दोन वाक्यांच्या मध्ये बाबू गेनूंचा एखादा किस्सा, एखादा विनोद असायचा, म्हणून ती कधी एकमेकांना भिडली नव्हती. कागदावर भिडली. जलपर्णीवरच्या कुठल्याही लेखात ही जोडी सापडते, मीच काही वेगळा नव्हतो. पण पहिलं वाक्य जिथं खरं असेल तिथं दुसरं वाक्य म्हणजे पारा कांद्याच्या वाफ्यात नेऊन घालायची शिफारस आहे, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

शिकवताना आम्ही आवर्तसारणीत ८० व्या घरावर बोट ठेवून सांगतो, की पारा हे मूलद्रव्य. त्याचा पुढचा अर्थ कुणी सांगत नाही. सांडपाण्यातल्या नत्राचं पान होतं, स्फुरदाचं मूळ होतं, मैला जीवाणू खाऊन टाकतात. म्हणून नागपूरच्या नीरीनं काढलेली फायटोरिडसारखी पद्धत, म्हणजे कर्दळ आणि पाणकणीस लावलेल्या वाफ्यांतून सांडपाणी फिरवायचं, खरोखर काम देते. मैला तिथं संपतो. पारा संपत नाही. तो नदीतून निघाला तर मुळात गेला, मुळातून निघाला तर खतात, जाळला तर हवेत. घरातली अडगळ माळ्यावर टाकली की ओटी झाडल्यासारखी दिसते, तेवढंच.

मग मी बंधाऱ्यावर जाऊन काढलेल्या जलपर्णीचे ढीग बघू लागलो. आधीही पाहिले होते, पण वकिलाच्या नजरेनं. पोकलेन लोखंडी पंजानं लगदा उचलतो आणि काठावर टाकतो. एक रोप हातात घेतलं की वर फुगीर देठ, आत नुसती हवा. खाली हातभर लांब काळपट जांभळी मुळं, पिसासारखी, बारीक तंतू फुटलेली, त्यात गाळ आणि चिमुकल्या गोगलगाई. पिळलं तर पाणीच पाणी. वजनात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, म्हणजे दहा टन ओली काढली तर सुकून टनभरही उरेल की नाही शंका. आता पाण्यात पारा असेल तर तो कुठं साठतो? बहुतेक सगळा या मुळांत. पानांत फार थोडा जातो. आणि पोकलेननं ओढताना पहिल्यांदा तुटतात ती मुळंच. तुटलेले तंतू परत पाण्यात पडतात, तळाशी बसतात, कुजतात. वरचा हिरवा भाग ट्रॉलीत जातो आणि आपण म्हणतो नदी साफ झाली.

उरलेला ढीग काठावरच सुकतो. पहिल्या पावसात त्यातला निम्मा पुन्हा पात्रात येतो. कधी कुणी काडी लावतो. पारा ३५७ अंशाला उकळतो, आणि उकळायच्या कितीतरी आधीच त्याची वाफ होऊ लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला की चकाकणारे थेंब गोळा करायला पोरं धावायची, आणि मी त्यांना बोटानं खेळू द्यायचो. आता ते आठवलं की मला खिडक्या उघडाव्याशा वाटतात.

‘सर, पण घोड नदीत पारा आहे कुठं?’ हा प्रश्न मला लोकांनी विचारायला हवा होता; विचारला मीच मला. वर आहुप्याच्या डोंगरापासून खाली येईपर्यंत घोडेला लागतात ती गावं आणि शेतं. पाऱ्याच्या कारखान्याचं नाव नाही. तेव्हा माझं ते टाळ्यांचं वाक्य आमच्या नदीपुरतं गैरलागूच होतं म्हणायचं. पण या भागात पारा आलाच नाही असंही नाही, आणि तो ज्या वाटेनं आला ती वाट मी लहानपणी रोज बघत होतो.

ती वाट बटाट्याची. मंचरच्या बाजारात पंजाबातून बेणं येतं, सातगाव पठारावर पावसाच्या तोंडावर लागवड होते. फोडी केल्या की त्या कुजू नयेत म्हणून टिपाडातल्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढायच्या. उसाच्या कांड्यांनाही तेच. हे औषध म्हणजे पारायुक्त बुरशीनाशक, मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड. नाव कुणाला म्हणता येत नव्हतं, पुडीवरच्या नावानं लोक ओळखायचे. सरकारनं ते बाकी सगळ्या पिकांना बंद केलं तरी बटाटा आणि ऊस यांच्या बेण्यापुरती सवलत ठेवली होती. नेमकी आमच्या तालुक्याची दोन पिकं! शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये ते पूर्ण बंद झालं. आमच्या घरी माझी आत्या कोपरापर्यंत हात बुडवून फोडी वरखाली करायची. उरलेलं पाणी कुठं ओतायचं याचा विचार कुणीच करायचं नाही. उताराला ओढा होता, टिपाड तिकडं कलंडायचं. १९७१-७२ साली इराकमध्ये पाऱ्याचंच, पण याहून जहाल औषध लावलेलं गव्हाचं बियाणं लोकांनी दळून भाकरी करून खाल्लं. साडेसहा हजार माणसं रुग्णालयात गेली, त्यातली ४५९ दगावली. आमचं औषध तेवढं जहाल नव्हतं आणि बटाट्याचं बेणं कुणी खात नव्हतं. तरी जो पारा ओढ्याला गेला तो आज गाळात कुठंतरी असणारच; जाणार कुठं?

अशा गाळातला पारा जलपर्णीनं काढून आणला तर बरंच की, असं कुणी म्हणेल. मीही तेच म्हणत होतो. माझ्या मताला खरा धक्का बसला तो इथं, आणि तो दिला ब्राझीलच्या माणसांनी. जलपर्णी मूळची तिकडची, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. त्या खोऱ्यात सोनं काढणारे वाळूतल्या सोन्याला पारा लावतात, मिश्रण तापवून पारा उडवतात आणि नद्या नासतात. रिओ द जानेरोच्या फेडरल विद्यापीठातले जाँ रेमी गिमाराइस आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकात पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींची मुळं तपासत होते. त्यांना दिसलं, की या पिसासारख्या मुळांच्या गुंत्यात गाळ, कुजका पाला आणि जीवाणू यांची दाट वस्ती असते, आणि ते जीवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. तोही तळाच्या गाळात होतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेगानं.

मिथाइल पारा म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. साधा पारा गिळला तर त्यातला बहुतेक बाहेर पडतो; मिथाइल पारा रक्तात जातो, मेंदूत जातो, गर्भातल्या बाळापर्यंत जातो. पाण्यात तो नावाला असतो, शेवाळात थोडा वाढतो, शेवाळ खाणाऱ्या किड्यात आणखी, लहान माशात आणखी, मोठ्या माशात लाखोपट. जपानमधल्या मिनामाटाला १९५६ साली जी माणसं लुळी पडली, ती मासेच खात होती. आणि मुळांच्या याच गुंत्यात माशांची पिल्लं लपतात, किडे खातात. म्हणजे ज्या मुळांचं मी कौतुक करत होतो त्यांच्याकडं पारा खेचायची ताकद आहे हे खरं, पण खेचून झाल्यावर तो निमूट पडून राहत नाही. वाहत्या नदीत, काढणी वेळेवर होत नसताना, जलपर्णी पाऱ्याला अधिक घातक रूप द्यायलाही मदत करू शकते. हे वाचलं त्या रात्री मी टिपणातलं नासाचं वाक्य खोडलं.

वनस्पतीनं ओढलेला धातू पुढं अन्नात शिरण्याची छोटी आवृत्ती आपल्याकडंही घडून गेली आहे, आणि ती आमच्या डोंगराच्या पलीकडच्या उताराला. जुन्नरच्या खिरेश्वरजवळ, हरिश्चंद्रगडाच्या कुशीत, पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडचा पिंपळगाव जोग्याच्या धरणात येतो, पश्चिमेकडचा काळू नदीचा धबधबा होऊन कोकणात उतरतो. खाली आंबिवली, टिटवाळ्याच्या भागात कारखान्यांचं पाणी काळूला मिळत असे. १९८०च्या आसपास मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी तिथलं पाणी आणि गाळ तपासला, तेव्हा त्यात पारा आणि शिसं सापडलं. काठाशी वाढणाऱ्या, गुरं खातात अशा पाणवनस्पतीतही ते धातू उतरले होते. त्या वनस्पतीनं तिचं काम चोख केलं होतं! पाण्यातून धातू काढले, पानात ठेवले, आणि म्हैस येऊन ते खाऊन गेली. नदी शुद्ध करणारी वनस्पती आणि धार काढायची म्हैस यांच्यामध्ये कुणी कुंपण घातलं नव्हतं.

पारा वनस्पतीत साठूच नये, असाही एक प्रयत्न झाला. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या रिचर्ड मेगर यांनी १९९६ साली जीवाणूंचं एक जनुक वनस्पतीत घालून दाखवलं. ती वनस्पती पाऱ्याचं साध्या वायुरूप पाऱ्यात रूपांतर करून हवेत सोडते. बुद्धीचं काम आहे, पण हवेतला पारा पावसाबरोबर कुणाच्या तरी तळ्यात उतरणार. त्यावर मी फार वेळ घालवला नाही.

ज्यांना पारा खरंच हटवावा लागला त्यांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. मिनामाटाच्या खाडीतला पंधरा लाख घनमीटर गाळ १९७७ ते १९९० अशी तेरा-चौदा वर्षं उपसून, भराव घालून बंद केला. त्या भरावावर आता बाग आहे. कोडाईकॅनॉलच्या थर्मामीटर कारखान्यातला पाऱ्याचा कचरा, जवळपास २९० टन, २००३ साली जहाजानं परत अमेरिकेला पाठवला, कारण इथं त्याची विल्हेवाट लावायची सोय नव्हती. कॉस्टिक सोड्याच्या धंद्यानं तर सरळ पाऱ्याची पद्धतच सोडली आणि मेंब्रेनची धरली. नदीत जो पारा गेला नाही, तोच सगळ्यात स्वस्तात निघाला म्हणायचा.

याचा अर्थ मी आता जलपर्णीच्या विरोधी पक्षात गेलो, असा कुणी काढू नये. कारखान्याच्या आवारात सिमेंटची टाकी, त्यात मोजून सोडलेली रोपं, वाढ थांबायच्या आत मुळासकट काढणी, आणि काढलेला माल घातक कचरा म्हणून बंद गाडीतून रवाना, असं असेल तर माझी काहीच हरकत नाही. त्यासाठी रांजणगावला घातक कचऱ्याचं केंद्र आहे, फार लांब जायला नको. मुळं वाळवून त्यांची भुकटी गाळणीसारखी वापरण्याचे प्रयोगही मला जास्त पटतात. मेलेलं मूळ वाढत नाही, बी सोडत नाही आणि पुरात वाहून जात नाही. माझी हरकत आहे ती ‘नदीत सोडा आणि विसरा’ याला. जलपर्णी काढायच्या टेंडरात किती घनमीटर काढायची, किती दिवसांत काढायची, हे सगळं असतं. काढून कुठं न्यायची, याच्यापुढं मात्र ‘योग्य ठिकाणी’. हे योग्य ठिकाण मी अजून पाहिलेलं नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. त्याच्या मते मी आता दुसऱ्या टोकाला गेलोय. ‘सर, घोडेच्या जलपर्णीत नत्र-पालाश आहे, ते फुकट घालवू नका. काळूचा न्याय घोडेला लावायचा नाही.’ त्याचं निम्मं मला पटतं. उरलेलं निम्मं तपासल्याशिवाय पटवून घ्यायचं नाही, असं ठरवलंय. पारा काही लिटमस कागदानं कळत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. पाण्याचा नमुनासुद्धा नायट्रिक आम्ल घातलेल्या काचेच्या बाटलीत न्यावा लागतो, नाहीतर वाटेतच पारा बाटलीला चिकटतो किंवा उडून जातो. त्यानं बाटल्या पाठवल्या. बंधाऱ्यातलं पाणी, मुळं, आमच्या खड्ड्यातलं जलपर्णीचं खत आणि ज्या ओढ्याला टिपाड कलंडायचं तिथला गाळ, असं सगळं मी भरून दिलंय.

अहवाल यायचाय. तोवर खत मेथीला आणि कांद्याच्या रोपाला घालायचं बंद, झेंडूला चालू. ‘झेंडूही पारा घेतोच की सर,’ तो फोनवर हसला. घेत असेल; पण झेंडूची भाजी कुणी करत नाही.